हिवाळी कोट: ऊब, टिकाऊपणा आणि थोडीशी ऐट

नोव्हेंबरात लेक आठ दिवसांसाठी घरी आली होती. अलीगढला तिचं हे पहिलंच वर्ष. रात्री जेवताना ती सहज म्हणाली, "अम्मी, तिकडे थंडी सुरू झाली. सगळ्या मुली कोट घालतात. मलाही एक लागेल."

झालं! दस्तरखानावर चर्चा सुरू झाली. सासूबाई म्हणाल्या, "कोट कशाला? दोन स्वेटर दिलेत ना?" नणंद म्हणाली, "माझी शाल घेऊन जा, पश्मिन्यासारखीच दिसते." नवऱ्याने मुद्द्याचं विचारलं, "कितीला येतो?" मी म्हटलं, "चांगला हवा असेल तर चार-पाच हजार." त्यावर थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "एवढ्यात घरातल्या सगळ्यांचे ईदचे कपडे होतात."

त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. आमचं मालेगावातलं घर शिक्षकाच्या पगारावर चालतं आणि इथे कोट म्हणजे लग्नात नवऱ्यामुलाने घालायची वस्तू. बायकांच्या कोटाचा तर प्रश्नच नाही. पण माझं मत मी त्या रात्री मांडलं आणि इथेही मांडते. उत्तरेत शिकायला जाणाऱ्या मुलीसाठी चांगला कोट ही चैन नाही. तो तिच्या पुस्तकांइतकाच शिक्षणाचा खर्च आहे. आणि तो घ्यायचाच असेल तर उबदार, टिकाऊ आणि तिला घालावासा वाटेल असा घ्यावा. यातली एक गोष्ट जरी सोडली तरी पैसे वाया जातात.

हे मत मला पुस्तकातून मिळालेलं नाही. काही वर्षांपूर्वीची माझी एक विद्यार्थिनी होती. वर्गात पहिली-दुसरी यायची. तिचे वडील लूमवर कामाला. ती उत्तरेतल्या एका शहरात शिकायला गेली, तेव्हा आम्ही शाळेत तिचं कौतुक केलं, पेन दिला, दुआ दिल्या. दुसऱ्या वर्षी ती शिक्षण सोडून परत आली. घरच्यांनी सांगितलं, हवा मानवली नाही. पुढे एका लग्नात भेटली तेव्हा कडेवर मूल होतं. बोलता बोलता म्हणाली, "टीचर, मी जानेवारीत सकाळच्या तासांना जायचेच नाही. माझ्याकडे एक स्वेटर होता, तोही कोपराला विरलेला. त्यावर शाल घेऊन गेले की मुली बघायच्या. त्यापेक्षा रजईत पडून राहिलेलं बरं वाटायचं. मग हजेरी कमी पडली." ती हे हसत सांगत होती. मला मात्र हसू आलं नाही. आम्ही तिला पेन दिला होता, आणि तिला गरज कोटाची होती.

कुणी म्हणेल, शिक्षण काय कोटावाचून सुटतं? एकट्या कोटामुळे सुटलं नसेलही. पण गरीब घरातल्या मुलीचं शिक्षण क्वचितच एखाद्या मोठ्या कारणाने सुटतं. ते असंच लहान लहान लाजेच्या गोष्टींनी सुटतं.

आता थंडीविषयी. आपल्याला वाटतं की थंडी आपल्याला ठाऊक आहे. निफाडचा पारा पाच अंशांच्या खाली गेल्याची बातमी आपण दरवर्षी वाचतो. अलीगढला जानेवारीत रात्रीचं तापमान सरासरी सात-आठ अंशांच्या आसपास असतं, कधी त्याहून बरंच खाली जातं. आकड्यात फार फरक दिसत नाही. फरक आहे तो दिवसाचा. आपल्याकडे सकाळी कितीही कुडकुडलो तरी दहा वाजता अंगणात ऊन येतं आणि दुपारी स्वेटर कंबरेला बांधावा लागतो. तिकडे धुकं पडलं की दोन-दोन दिवस सूर्य दिसत नाही. दुपारीसुद्धा हात गारठलेले राहतात. शिवाय तिकडची घरं, वर्ग, वसतिगृहं उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली. उंच छत आणि दगडी फरशी. त्यामुळे आत गेल्यावरही सुटका नसते. आपला स्वेटर दोन तासांच्या थंडीसाठी असतो, तिकडे दिवसभराच्या थंडीशी गाठ असते.

मग ऊब येते कुठून? मी भाषेची शिक्षिका आहे, विज्ञानाची नाही. पण एवढं समजून घेतलं की खरेदी सोपी होते. कपडा स्वतः गरम नसतो. तो आपल्या अंगाची ऊब धरून ठेवतो, आणि ते काम प्रत्यक्षात करते ती कपड्यात अडकलेली हवा. लोकरीचा तंतू कुरळा असतो. त्याच्या वळणावळणांत हवा अडकून राहते, म्हणून लोकर उबदार. तिची आणखी एक खुबी आहे. स्वतःच्या वजनाच्या सुमारे 30 टक्क्यांपर्यंत ओलावा शोषूनही ती ओली लागत नाही. धुक्यातून चालत जाणाऱ्या मुलीला याचं मोल कळतं. अॅक्रिलिकचा स्वेटर दिसायला तसाच असतो, पण त्याच्या विणीतून वारा सरळ आत शिरतो. म्हणून वरून घट्ट विणीचा, वारा अडवणारा कोट हवा आणि आत साधा स्वेटर. एका जाडजूड कपड्यापेक्षा असे दोन-तीन थर जास्त उपयोगी, कारण थरांच्या मध्येही हवा राहते.

फुगीर जॅकेटचाही विचार आम्ही केला. ती हलकी असतात, उबदारही असतात. आत पिसं भरलेली असतील तर फार उबदार, पण भिजली की ती गोळा होतात आणि ऊब जाते. पॉलिस्टरचं भरण ओलाव्यात जास्त टिकाव धरतं, स्वस्तही पडतं. पण वर्षभरात ते दबतं, आणि शिवण उसवली की जागोजागी पोकळ होतं. मोटारसायकलवरून लांब जाणाऱ्याने जॅकेट घ्यावं. वर्गात, वाचनालयात, समारंभात सगळीकडे चालेल असं एकच वस्त्र हवं असेल तर लोकरीचा कोट बरा.

लोकर आपल्याला परकी नाही. माझे अब्बा आयुष्यभर यंत्रमागावर होते. रात्रपाळीला जाताना ते खांद्यावर घोंगडी टाकत. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, खरखरीत आणि काळी. ती आम्हा भावंडांना टोचायची, पण पावसाची एक सर ती सहज झेलायची. उर्दू शिकवताना मी मुलांना सांगते की अरबीत 'सूफ' म्हणजे लोकर, आणि लोकरीचं जाडंभरडं वस्त्र पांघरणाऱ्यांना सूफी म्हणू लागले, असं बहुतेक अभ्यासक मानतात. रजई आणि दुलई हे शब्द तर उर्दूतही आहेत आणि मराठीतही. थंडीला भाषेची अडचण कधीच आली नाही.

तर कोटाची खरेदी. मी अब्बांना सोबत घेतलं. वय झालंय, पण कापड हातात आलं की त्यांची बोटं तरुण होतात. नाशिकच्या तिबेटियन मार्केटपासून सुरुवात केली. हे तिबेटी लोक 1959 नंतर निर्वासित म्हणून भारतात आले आणि हिवाळ्यात गावोगावी गरम कपडे विकून त्यांच्यातल्या कित्येकांनी संसार उभे केले. बराचसा माल ते लुधियानाहून आणतात. मग दोन-तीन मोठी दुकानंही पाहिली. प्रत्येक ठिकाणी अब्बांनी काय केलं ते सांगते. तुम्हालाही उपयोग होईल.

पहिली गोष्ट, ते पाटी वाचत नाहीत, आतलं लेबल वाचतात. आपल्या बाजारात गरम कपड्याला सरसकट 'वुलन' म्हणतात, मग त्यात लोकरीचा एक धागा नसला तरी चालतं. लेबलवर लोकरीचं प्रमाण लिहिलेलं असतं. शंभर टक्केच हवं असा हट्ट नको. साठ-सत्तर टक्के लोकर आणि बाकी नायलॉन किंवा पॉलिस्टर असलेलं कापड पुरेसं उबदार असतं, आणि नायलॉनमुळे झिजायला जास्त दिवस लागतात.

दुसरी गोष्ट, त्यांनी कापड मुठीत दाबून सोडलं. चांगली लोकर लगेच पूर्ववत होते, हलकं कापड चुरगळलेलं राहतं. मग कापड उजेडासमोर धरलं. वीण दाट असेल तर उजेड आरपार येत नाही. बोटाने थोडं घासलं. तेवढ्यानेच गोळे येऊ लागले तर एका हिवाळ्यात त्या कोटाची घोंगडी होणार.

तिसरी गोष्ट, त्यांनी कोट उलटा केला. दुकानदार बघत राहिला. अब्बा म्हणाले, "सीधा तो सब अच्छा दिखता है." शिवणीत कापड पुरेसं सोडलंय का, अस्तर सैल आहे का, काखेतली शिवण दुहेरी आहे का, हे आतूनच कळतं. अस्तर ताणून बसवलेलं असेल तर पहिल्यांदा तेच फाटतं. बटणांच्या मागे आतून लहान बटण लावलेलं असेल तर वजनाने कापड फाटत नाही. चेन असेल तर ती दहा वेळा वरखाली करून पाहावी. कोट बहुधा कापडाने जात नाही, चेनने जातो.

चौथी परीक्षा धाग्याची. शिवणीतला एखादा सुटा धागा मिळाला तर तो घराबाहेर जपून जाळून पाहावा. लोकर केस जळाल्यासारखी वास मारते आणि तिची राख बोटांत चुरडते. कृत्रिम धागा वितळून त्याचा कडक मणी होतो. एका दुकानदाराने यासाठी स्वतः धागा काढून दिला. कोट आम्ही त्याच्याकडूनच घेतला, हे वेगळं सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी मी स्वतःसाठी फोनवरून एक कोट मागवला होता. 1,300 रुपयांचा. फोटोत फारच देखणा. पहिल्या हिवाळ्यात त्याला गोळे आले, दुसऱ्या हिवाळ्याच्या मध्यात खिसा उसवला आणि चेन अडकली. आज तो भांड्यांच्या कपाटावर झाकण म्हणून आहे. लेकीचा कोट 4,800 ला मिळाला. तो 6 हिवाळे टिकला तरी वर्षाला 800 रुपये पडतात. माझा स्वस्त कोट वर्षाला त्याहून महाग पडला. हा हिशेब मी सासूबाईंना कागदावर करून दाखवला. त्या म्हणाल्या, "टिकला तर." त्यांचंही बरोबर आहे. टिकवणं आपल्या हातात असतं. लोकर सारखी धुवायची नसते. ब्रशने धूळ झटकावी, रुंद खांद्याच्या हँगरला टांगावी, हंगामात एकदा ड्रायक्लीन करावी. ठेवताना स्वच्छ करूनच ठेवावी, कारण कसर मळलेल्या लोकरीवर आधी बसते. सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबराच्या गोळ्या.

राहिली ऐट. इथे घरात खरा वाद झाला. लेकीला बाटलीच्या हिरव्या रंगाचा कोट आवडला. सासूबाईंचं म्हणणं काळाच घ्यावा. "काळा सगळ्यावर चालतो आणि नजरेत भरत नाही," या त्यांच्या वाक्यातला दुसरा अर्धा भाग खरं कारण होता. मुलीने नजरेत भरू नये.

मला हे पटत नाही. हया आणि अवकळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूरह अल-आराफमध्ये पोशाख देह झाकण्यासाठी दिला आहे आणि शोभेसाठीही दिला आहे, असं सांगितलं आहे. त्याच सूरहमध्ये उधळपट्टीला मनाई आहे. दोन्ही एकत्र वाचले की मार्ग सापडतो. आपण मात्र सोयीप्रमाणे वाचतो. मुलीच्या वेळी इस्राफ आठवतो, मुलाच्या वेळी शोभा. माझ्या पुतण्याला अलीगढला प्रवेश मिळाला तेव्हा त्याला काळी शेरवानी शिवली. तिथली ती परंपराच आहे, समारंभाला मुलं शेरवानी घालतात. कापड घेतलं, शिंप्याकडे दोन खेपा झाल्या, घरात पेढे वाटले, फोटो काढले. कुणीही विचारलं नाही की एवढ्यात कुणाकुणाचे कपडे झाले असते. तेव्हा आम्हाला ते वस्त्र नव्हतं, घराण्याची इज्जत होती. मग लेकीचा कोट इज्जतीत का मोजायचा नाही? ज्या गावात शेख अब्दुल्ला आणि वहीद जहाँ बेगम यांनी 1906 मध्ये मुलींची शाळा सुरू केली, त्या गावी शिकायला जाणारी मुलगी काय सजली-नटली म्हणून वाया जाणार आहे?

ऐटीचा व्यवहाराशीही संबंध आहे. आवडलेला कोट मुलगी घालते, न आवडलेला खुंटीवर राहतो. माझ्या त्या विद्यार्थिनीकडे शाल होती, पण लाजेमुळे ती थंडीत बाहेरच पडली नाही. घातलीच न जाणारी ऊब काय कामाची?

ऐट म्हणजे झगमगाट नव्हे. कोटात ऐट येते ती मापामुळे. खांद्याची शिवण खांद्यावरच बसायला हवी. आतून स्वेटर घालूनच माप बघावं, हात वर करून, खाली बसून, बॅग पाठीला लावून. लांबी गुडघ्यापर्यंत असली तर कुर्त्यावर शोभते आणि मांड्या गारठत नाहीत. आमच्या मुली हिजाब घेतात, त्यांनी टोपीवाला कोट टाळावा. मागे टोपी, आत हिजाब, दोन्ही मिळून मानेवर गाठोडं होतं. त्यापेक्षा उभी कॉलर बरी. आणि खिसे! बायकांच्या कोटाला कित्येकदा नुसतं खिशाचं तोंड शिवलेलं असतं, आत काही नाही. हात मावणारे खोल खिसे नसतील तर तो कोट तिथेच परत ठेवावा. थंडीत सगळ्यात आधी बोटं गारठतात, आणि बोटांनीच वही लिहायची असते.

ज्यांना नवा कोट परवडत नाही त्यांनी जुना घ्यावा, यात कमीपणा नाही. हातगाडीवर परदेशातून आलेले कोट मिळतात. त्यात कधी कधी शुद्ध लोकरीचा, वीस वर्षं टिकेल असा कोट चारशे-पाचशेला हाती लागतो. कसरीची भोकं आहेत का ते उजेडात पाहावं, काख आणि कॉलर तपासावी, ड्रायक्लीन करून घ्यावा, शिंप्याकडून अस्तर आणि बटणं बदलून घ्यावीत. पानिपतमध्ये तर अशाच जुन्या लोकरी कपड्यांचा धागा करून ब्लँकेटं विणतात, आणि ती ब्लँकेटं आपण सगळे आनंदाने पांघरतो.

त्या ब्लँकेटांवरून शेवटचा मुद्दा. दर डिसेंबरात आपल्याकडे ब्लँकेटवाटप होतं. रांग लागते, फोटो निघतात. देणाऱ्यांच्या नियतीवर मला शंका घ्यायची नाही. पण मी स्वतः केलेली एक चूक सांगते. एका वर्षी मी वर्गात जुने स्वेटर जमा केले आणि सातवीतल्या एका मुलाला सगळ्यांसमोर एक दिला. चेन तुटलेली होती, मी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो स्वेटर घडी घालून माझ्या टेबलावर ठेवलेला होता. सोबत चिठ्ठी नाही, तक्रार नाही. त्या मुलाने मला जे शिकवलं ते बी.एड.च्या वर्षात कुणी शिकवलं नव्हतं. जे आपण आपल्या मुलांच्या अंगावर घालणार नाही ते दुसऱ्याच्या मुलाला देऊ नये, आणि द्यायचं ते चारचौघांत देऊ नये.

म्हणून माझी सूचना साधी आहे. आपल्या गल्लीतून, शाळेतून, मशिदीच्या परिसरातून कुणी मुलगा-मुलगी उत्तरेत शिकायला निघाले असतील, तर सत्काराची शाल आणि स्मृतिचिन्ह बाजूला ठेवा. चार घरांनी मिळून एक चांगला कोट घ्या. त्याला किंवा तिला दुकानात नेऊन, मापाचा, त्यांच्या पसंतीच्या रंगाचा. शंभर ब्लँकेटं वाटणाऱ्यांनी नव्वद वाटावीत आणि उरलेल्या पैशांत असे एक-दोन कोट घ्यावेत. फोटो काढू नये.

आमच्या घरी अखेर हिरवाच कोट आला. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. लेक निघाली त्या सकाळी त्यांनीच कोट हातात घेतला, बटणं एक एक करून लावली आणि दुआ पढून तिच्यावर फुंकर घातली. मग कॉलर सरळ करत म्हणाल्या, "रंग काही वाईट नाही."

जानेवारीत लेकीचा फोन आला. धुकं होतं, सूर्य तीन दिवस दिसला नव्हता. मी पहिला प्रश्न विचारला तो तब्येतीचा नाही. मी विचारलं, "सकाळच्या तासाला गेलीस?"

म्हणाली, "गेले होते, अम्मी."